डीप टिश्यू मसाज शिकताना मला उशिरा कळलेलं

मसाज शिकायला लागले तेव्हा माझी पक्की समजूत होती, की स्वीडिश मसाज जरा दाबून केला की झाला डीप टिश्यू, म्हणजे खोलवरच्या स्नायूंचा मसाज. सरावाच्या पहिल्याच महिन्यात एका बाईंच्या पाठीवर मी तसा जोर काढला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बघितलं तर खांद्यामागे काळेनिळे डाग. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

स्वीडिशमध्ये भरपूर तेल लावून सगळं अंग सैल करतात. हात फिरवणं, मळणं, घासणं, थापटणं, कंप देणं या त्याच्या पाच हालचाली. त्यांना अजून फ्रेंच नावं चालतात आणि त्याचं श्रेय १९व्या शतकातल्या योहान मेझगर या डच डॉक्टरांना दिलं जातं. शियात्सू या जपानी मसाजमध्ये तेल नसतं, कपड्यांवरूनच दाब देतात. थाई मसाजमध्ये ताणण्यावर भर.

डीप टिश्यूत मात्र एकेका जागेवर बराच वेळ जातो. मणका आणि खांद्याचं पातं यांच्यामधली जागा घ्या. सगळ्यात वर ट्रॅपेझियस हा स्नायू, त्याखाली ऱ्हॉम्बॉइड स्नायू, आणखी खाली मणक्यालगतचे लांब स्नायू. वरचा थर सैल झाल्याशिवाय खालचा हाताला लागतच नाही. म्हणून सुरुवात हलक्या हातानेच करायची. मग तेल कमी ठेवायचं, नाहीतर हात नुसता घसरतो. कोपराखालचा मांसल भाग टेकवायचा, अंगाचं वजन हळूहळू त्यावर सोडायचं आणि थांबायचं. काही श्वासांनंतर दोरीसारखा ताठ लागणारा स्नायू हाताखाली सैल पडतो, तेव्हा बोटभर पुढे सरकायचं. घाई केली की स्नायू स्वतःला वाचवायला आणखी आवळून घेतो. मी त्या बाईंच्या बाबतीत नेमकं हेच केलं होतं.

दुखणं दहापैकी किती, हे विचारत राहा. सहा-सातच्या वर जाऊ देऊ नका. पण माणसं भिडेखातर ‘ठीक आहे’ म्हणतात, म्हणून पायांकडेही बघा. बोटं आवळली, श्वास रोखला, की दाब कमी करा. झिणझिण्या किंवा विजेसारखी चमक आली तर तिथे मज्जातंतू आहे, लगेच हात उचला. गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ आणि गुडघ्यामागची खळगी इथे खोल दाब कधीच नको.

टेबलावर घेण्याआधीची चौकशी टाळू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ठिसूळ हाडं, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल दाब द्यायचा नाही. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर हातच लावू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. अशा माणसाला तातडीने डॉक्टरकडे पाठवा.

स्वतःचे अंगठेही जपा. टेबल थोडं खाली घ्या, जोर खांद्यातून न काढता पायांतून येऊ द्या.

मसाजने ‘शरीरातली विषं निघून जातात’ असं मी कुणाला सांगत नाही, कारण ते खरं नाही. व्यायामात स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक ॲसिडही मसाजशिवाय आपोआप तासाभरात ओसरतं. एखाद-दोन दिवस अंग ठणकेल एवढं मी आधीच सांगून ठेवते, आणि त्यानंतरही दुखलं तर कळवायला सांगते.