रात्रीच्या ओलितात परदेशातलं लेक्चर कसं ऐकायचं

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडच्या आमच्या पट्ट्यात एक आठवडा दिवसा लाईन अन् एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मोटर चालू करायची, संत्र्यात बसून राहायचं, कुठं दांड फुटला तर बुजवायचा, बाकी काही काम नाही. त्याच रिकाम्या वेळात मले हा नाद लागला. परदेशातल्या युनिव्हर्सिट्यांत एशियन स्टडीज नाहीतर साऊथ एशियन स्टडीज नावाचं डिपार्टमेंट असते, ते लोक दर आठ-पंधरा दिवसांनी कोणा ना कोणा अभ्यासकाले बोलावून लेक्चर ठेवतात, फुकट असते, ऐकायला कोणालेही मनाई नाही आणि बरेचसे लेक्चर ऑनलाईन पण असतात. दोन-तीन वर्षं झाले ऐकून राहिलो. गावातले दोन-चार पोरंपोरी सारखं विचारतात की भाऊ कसं करता, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिले एक गैरसमज काढा. त्यांच्या वेबसाईटवर स्कॉलरशिप हा शब्द दिसला की आपल्याले पैसेच आठवतात. तिथं बहुतेक वेळा त्याचा अर्थ अभ्यास, संशोधन, लिहिलेलं काम असा असते. माझ्या मावशीनं एका लग्नात चार लोकांत सांगून टाकलं होतं का आमच्या पोराले लंडनची स्कॉलरशिप भेटली, आणि मी तर फक्त बागेत बसून एक लेक्चर ऐकलं होतं. पैशावाल्या स्कॉलरशिपचं खाली सांगतो.

आता पहिलं लेक्चर कोणतं निवडायचं. माझं स्पष्ट मत आहे की जगातले मोठमोठे विषय सोडा, आपल्या मातीचा विषय पकडा. नाव भारी दिसलं म्हणून मी सुरुवातीला थिअरीचं एक ऐकलं होतं, वीस मिनिटांत झोप लागली आणि इकडं पाणी शेजाऱ्याच्या वावरात. पण विषय ओळखीचा असला की इंग्रजी अर्धंच समजलं तरी चालते, उरलेलं आपल्याले आधीच माहीत असते.

आणि आपले विषय तिकडं आहेत, खूप आहेत. रिद्धपूर घ्या. आपल्यासाठी यात्रेचं गाव, आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ झालं. पण महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंच्या चरित्राचं इंग्रजी भाषांतर १९८४ मध्येच छापून आलं, ॲन फेल्डहाऊस बाईंनी केलेलं, त्या अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवायच्या. लंडनच्या सोआस नावाच्या युनिव्हर्सिटीत रेसाईड म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी महानुभावांवर काम केलं. रामटेकच्या मंदिरांवर आणि इथल्या जुन्या वाकाटक राजांवर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या हान्स बाकर यांनी कितीतरी वर्षं घातली. हे लोक काही हवेतून आले नाहीत, आपल्याच लोकांच्या कामावर उभे आहेत. लीळाचरित्र संपादित करणारे वि. भि. कोलते बुलडाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे. वाकाटकांचे ताम्रपट आणि शिलालेख वाचून छापणारे वा. वि. मिराशी नागपुरात प्राध्यापक होते, त्यांचं ते पुस्तक १९६३ चं, आजही त्याच्याशिवाय कोणाचं पान हलत नाही. म्हणून लेक्चर ऐकण्याआधी या नावांची तोंडओळख ठेवा, कारण बोलणारा माणूस मिराशी म्हणून पुढं निघून जाते, थांबून सांगत नाही.

शोधताना विदर्भ टाकून बसाल तर हाती फारसं लागणार नाही, इथंच बरेच लोक कंटाळून सोडून देतात. जुन्या कागदांत आपण बेरार आहोत. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला तेव्हापासून सरकारी नाव होतं हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स, आणि १९०३ पासून सेंट्रल प्रोव्हिन्सेस अँड बेरार. अमरावतीचं स्पेलिंग जुन्या इंग्रजीत अमराओती असं, म्हणजे व्ही-एच्या जागी ओ, यवतमाळचं येओतमाल, अचलपूर म्हणजे एलिचपूर, वाशिमचं बासिम, वणीचं वून. आणि आपला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ऊमरा नावानं विकला जायचा, ते अमरावतीचंच बिघडलेलं रूप. हे सगळे स्पेलिंग वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. मी ठेवले, आणि ज्या दिवशी बेरार टाकून शोधलं त्या दिवशी जणू वावरात गाडलेला हंडा लागला, १८७० चं वऱ्हाडाचं गॅझेटियर आर्काइव्ह डॉट ऑर्ग या साईटवर पूर्ण फुकट पडलेलं.

आता वेळ. सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात, मी पण फसलो. त्यांच्या नोटीसवर त्यांची वेळ असते. लंडनला संध्याकाळी ५ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडं रात्री ९:३०, हिवाळ्यात १०:३०. नेदरलँड्स, जर्मनीत दुपारी ४ म्हणजे आपले संध्याकाळचे ७:३० नाहीतर ८:३०, हे सगळ्यात सोयीचं, झोपायच्या आत मोकळे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी ४ म्हणजे आपल्याकडं रात्रीचे १:३० किंवा २:३०, आणि तारीख बदललेली, म्हणजे त्यांचा गुरुवार तो आपला शुक्रवार, हे विसराल तर चोवीस तास आधी जागत बसाल. कॅनडात व्हँकुव्हरला ४ वाजता असलं तर आपली पहाट. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराचं दुपारी ४ चं आपल्याकडं सकाळी ११:३० ला, त्यांच्या उन्हाळ्यात १०:३० ला, ते तर वेचणीच्या धामधुमीत येते, तेव्हा नंतर रेकॉर्डिंगच पाहा.

हा एक तासाचा फरक पडते कारण ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात. अमेरिका आणि कॅनडाच्या बऱ्याच भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं, युरोप आणि इंग्लंड मार्चच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मले हे माहीत नव्हतं. आंब्या बहाराला पाणी देणं चालू होतं, मार्चचा दुसरा आठवडा, कापसाच्या व्यापारावरचं लेक्चर, आधीच्या महिन्यासारखंच २:३० धरून बसलो, डोळ्याले पाणी लावून जागा राहिलो, लिंक उघडली तर एक बाई थँक यू गुड नाईट म्हणून राहिल्या होत्या. १:३० ला सुरू होऊन संपलं सुद्धा. तेव्हापासून गूगलवर त्या शहराची वेळ पाहिल्याशिवाय अलार्म लावत नाही. तुम्ही पण लावू नका.

रजिस्ट्रेशन सोपं आहे. डिपार्टमेंटच्या पेजवर इव्हेंट्स म्हणून भाग असते, तिथं नाव, ईमेल आणि संस्था विचारतात. संस्थेच्या जागी मी गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं नाव टाकतो, काही नसलं तर इंडिपेंडंट लिहा, कोणी हटकत नाही. मेल येते त्यात लिंक, नाही दिसली तर स्पॅममध्ये पाहा. मेलिंग लिस्टला नाव दिलं की पुढचं सगळं आपोआप येत राहते, युरोप-अमेरिकेत बहुतेक लेक्चर सप्टेंबर ते मे या काळात, त्यांच्या उन्हाळी सुट्टीत सगळं सामसूम.

नेटचं म्हणाल तर रोजचा डेटा व्हिडिओत उडून जाते. झूमवर आपला कॅमेरा बंद, माईक बंद, आणि बोलणाऱ्याचा व्हिडिओ सुद्धा बंद करता येते, फक्त आवाज आणि स्लाईड ठेवा. आमच्याकडं रेंज विहिरीजवळच्या कडुलिंबाखालीच भेटते म्हणून मी तिथं बाज टाकली आहे. कॅप्शन चालू करा, उच्चार कळत नाही तिथं वाचता येते, फक्त आपल्या गावांची नावं ते कॅप्शन अशी काही लिहिते की हसू येते, रिद्धपूरचं एकदा रेड डी पूर झालं होतं.

ऐकताना सगळं लिहायच्या भानगडीत पडू नका. तास-दीड तासाचा कार्यक्रम असते, त्यात पाऊण तास बोलणं आणि मग प्रश्न. मी तीनच गोष्टी लिहितो, माणसांची नावं, पुस्तकांची नावं, आणि जिथं मले वाटलं का हे असं नसते बाप्पा. ही तिसरी यादी सोन्याची.

कारण प्रश्न त्यातूनच निघते. वऱ्हाडातल्या कापसाच्या बाजाराबद्दल एक अभ्यासक बोलत होते, १८७० च्या आसपासचा काळ, म्हणजे खामगावला रेल्वे आली ती वर्षं, स्लाईडवर एका अडत्याच्या वहीचं पान. त्यांनी आकडे वाचले, इतका कापूस आला, इतका तोलला. दोन आकड्यांत थोडा फरक होता, तो त्यांनी वाटेतली नासधूस म्हणून सोडून दिला. मी वहीत लिहिलं, कडता? आपल्याकडं आजही बाजारात माल नेला की ओलीच्या, कचऱ्याच्या नावानं व्यापारी वजनातून काही किलो कापते, शेतकऱ्याच्या पोराले हे शिकवावं लागत नाही. प्रश्नोत्तराच्या डब्यात मोडक्या इंग्रजीत टाइप केलं, की आमच्या बाजारात वजनातून कापतात त्याले कडता म्हणतात, त्या वहीत असा काही रकाना आहे का. हात थरथरत होते, खरं सांगतो. त्यांनी प्रश्न वाचला, स्लाईड परत लावली, मोठी केली, दोन मिनिटं गप्प पाहत राहिले, आणि म्हणाले का मी असा विचार केला नव्हता, मले मेल करा.

म्हणून प्रश्न विचारायचा तर दोन ओळींत. पहिल्या ओळीत तुम्ही कुठून बोलून राहिले ते आणि तुमच्याकडं काय दिसते ते, दुसऱ्या ओळीत प्रश्न. स्वतःचं भाषण ठोकू नका, आपल्या पुढाऱ्यांसारखं. इंग्रजी आधी कागदावर लिहून ठेवा, प्रश्नाच्या वेळेपर्यंत घाम फुटतो.

लेक्चर झालं की वाचायचं. जेस्टोर म्हणजे संशोधनाच्या लेखांची वेबसाईट, तिथं फुकट खातं उघडलं की महिन्याले १०० लेख ऑनलाईन वाचता येतात, डाउनलोड नाही पण वाचायले काय हरकत. भारतातले पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर आहेत, नागपूर आणि अमरावती विद्यापीठाचे पण. शिकागो युनिव्हर्सिटीच्या डिजिटल साऊथ एशिया लायब्ररीवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे आणि जुन्या मराठीचा तुळपुळे-फेल्डहाऊस कोश पण, महानुभावांचं काही वाचत असाल तर तो उघडा ठेवा. सरकारी कॉलेजात शिकून राहिले असाल तर ग्रंथपालाले केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेचं विचारा, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं, जवळपास १३,००० जर्नल आहेत त्यात, आणि आमच्याकडच्या कितीतरी पोराले त्याचा पत्ताच नाही.

मराठी पुस्तकं शिकागोसारख्या ठिकाणी पोचली कशी हे मले नेहमी नवल वाटायचं. त्याचं मूळ पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हात आहे. अमेरिकेचा गहू आपण रुपये देऊन घ्यायचो, ते रुपये इथंच साचत गेले, आणि १९६२ पासून त्यातल्या काही पैशांतून अमेरिकन लायब्ररीसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडं धाडली. आजोबाले सांगितलं तर म्हणतात, म्हणजे आपण गहू खाल्ला अन् ते पुस्तकं खाऊन गेले.

आता पैसे. बाहेर शिकायला जायचं असेल तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वेळेत जाहिरात पाहत राहा, उत्पन्नाचा आणि जात वैधतेचा कागद आधीच काढून ठेवा, तहसीलच्या चकरा तुम्हाले माहीतच आहेत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या भरवशावर मात्र आपला विषय घेऊन जाऊ नका, २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. म्हणजे रिद्धपूरवर तिकडं संशोधन करायचं तर ते दार बंद. मले हे अजून पटत नाही.

मेलचं राहिलं. अभ्यासकाले मेल लिहायची तर आदरणीय महोदय, सविनय नमस्कार, असं अर्जासारखं लिहू नका. कोणतं लेक्चर ऐकलं, तुम्ही कोण, कुठले, आणि एकच प्रश्न, सात-आठ ओळींत संपवा. त्यांचा लेख कुलुपात असेल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल, तर पीडीएफ मागा, बहुतेक जण देतात, लेख वाचला गेला याचाच त्यांना आनंद असते. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण द्या, दुसऱ्यांदा नको.

कडत्यावाल्या सरांना मी मेल केली, पाचव्या दिवशी उत्तर आलं. लेख तर पाठवलाच, वर विचारलं का तुमच्याकडं जुन्या कापूसपट्ट्या, म्हणजे कापूस विकल्याच्या पावत्या, आहेत का, कडता लिहिलेल्या, असल्या तर फोटो पाठवा. बाबा म्हणतात आजोबाच्या ट्रंकेत असतील, आजोबा म्हणतात त्या माडीवर. दिवाळीत माडी आवरताना पाहतो.