डेस्कटॉप आपोआप रीस्टार्ट होतोय? या चुका टाळा

काम चालू असताना डेस्कटॉप अचानक बंद पडून आपला आपण पुन्हा सुरू होऊ लागला, की घरी आणि कार्यालयात सहसा दोनच सल्ले मिळतात: विंडोज फॉरमॅट करा, नाहीतर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) बदला. हे उपाय अधूनमधून लागूही पडतात आणि म्हणूनच ते डोळे झाकून केले जातात. प्रत्यक्षात सर्वांत आधी एकच गोष्ट ठरवायची असते. विंडोजने काही बिघाड ओळखून स्वतः मशीन रीस्टार्ट केले, की विंडोजला काही कळण्याच्या आतच वीजपुरवठा तुटला? दोन्हींची कारणे वेगळी आहेत, आणि त्यांतला फरक एक रुपयाही खर्च न करता बहुतेक वेळा अर्ध्या तासात समजतो. तो समजून न घेता सुटे भाग बदलत सुटणे ही या दुखण्यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

मात्र याही आधी एक काम उरकून घ्यावे. ज्या फाइल पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवावी. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज तुटली तर फाइल खराब होऊ शकते, आणि असे वारंवार होणाऱ्या मशीनवर चाचण्या करत बसण्याआधी छायाचित्रे आणि हिशेब सुरक्षित असलेले बरे.

नोंदी न वाचणे, किंवा चुकीच्या वाचणे

गंभीर बिघाड झाला की विंडोज ब्लू स्क्रीन दाखवते आणि मूळ सेटिंगप्रमाणे लगेच रीस्टार्ट करते. ती स्क्रीन इतकी क्षणभर दिसते, की वापरणाऱ्याला मशीन सरळ रीस्टार्ट झाल्यासारखेच वाटते. म्हणून ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ उघडून ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरची खूण काढून टाकावी. पुढच्या वेळी ब्लू स्क्रीन आलीच, तर ती तशीच राहील आणि तिच्यावरच्या कोडचा मोबाइलवर फोटो काढता येईल. कोड मिळाला, की ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्क यांच्या दिशेने शोध सुरू करता येतो. खूण काढूनही ब्लू स्क्रीन न येता मशीन क्षणात काळे होऊन पुन्हा सुरू झाले, तर संशय वीजपुरवठ्यावर आणि हार्डवेअरवर जातो.

यानंतर स्टार्ट मेनूत शोधून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावा आणि ‘विंडोज लॉग्ज’मधला ‘सिस्टिम’ हा भाग पाहावा. येथे फार लोक फसतात. लाल खुणेसह ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते, तीत ‘पॉवर’ हा शब्द वाचून एसएमपीएस गेला असा निष्कर्ष काढला जातो आणि नवा एसएमपीएस येतो. वास्तविक ही नोंद मशीन पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाले नव्हते, एवढेच ती सांगते. खरी माहिती तिच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘बगचेक कोड’ या ओळीत असते. तेथे शून्य असेल, तर विंडोजला काही लिहिण्याची संधीच मिळाली नाही. म्हणजे वीज तुटली, रीसेट झाले, किंवा मशीन इतके गोठले की कोणीतरी बटण दाबून ते बंद केले. शून्याशिवाय दुसरा आकडा असेल, तर तो ब्लू स्क्रीनचाच कोड असतो, फक्त दशमान पद्धतीत लिहिलेला. उदाहरणार्थ, २९२ म्हणजे षोडशमान पद्धतीतला १२४, जो हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक दाखवतो. २७८ म्हणजे ११६, जो ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाल्याचे सांगतो. मशीन नेमके कितीला बंद पडले, हे ६००८ क्रमांकाच्या नोंदीत मिळते. आणि १०७४ ही नोंद दिसली, तर कोणत्या तरी प्रोग्रॅमने, बहुधा विंडोज अपडेटने, रीतसर रीस्टार्ट केलेले असते. तेथे दुरुस्तीची गरजच नाही, ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’मध्ये आपल्या कामाची वेळ भरली की पुरे.

भिंतीकडे न पाहता कॅबिनेट उघडणे

बगचेक कोड शून्य आला, की लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला जातो. माझ्या मते तपासणी भिंतीवरच्या सॉकेटपासून सुरू व्हावी आणि आत जात जावी, कारण बाहेरचे दोष शोधायला सोपे आणि काढायला स्वस्त असतात. एसएमपीएसच्या मागे लागणारी काळी केबल हाताने चाचपून पाहावी. ती ढिली असेल, तर टेबलाला धक्का लागला तरी मशीन रीस्टार्ट होते. एक्स्टेंशन बोर्डातून प्लग काढून त्याच्या पिना पाहाव्यात. पिनेवर काळसर डाग असेल किंवा सॉकेटभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडले असेल, तर तेथे ठिणग्या उडत आहेत आणि तो बोर्ड बदलणे हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

त्यानंतर यूपीएस. आपल्याकडे वीज क्षणभर जाऊन येणे किंवा व्होल्टेज खाली जाणे ही नेहमीची गोष्ट असल्याने यूपीएस असतो खरा, पण त्यातली बॅटरी सहसा दोन-तीन वर्षांत थकते आणि तिकडे कोणाचे लक्ष नसते. यूपीएसवरचा हिरवा दिवा नुसता वीज आहे एवढेच दाखवतो. व्होल्टेज घसरले, की यूपीएस बॅटरीवर जातो, थकलेली बॅटरी भार पेलत नाही आणि संगणक रीसेट होतो. ज्या उपकरणाने मशीन वाचवायचे, तेच मशीन पाडते. शिवाय ६०० व्हीए लिहिलेल्या साध्या यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॉटच्या आसपास असते, त्यामुळे मोठे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर तो कमी पडू शकतो. त्याच यूपीएसला लेसर प्रिंटर जोडलेला असेल, तर तो आधी काढावा, कारण त्याचा हीटर एकाएकी मोठा प्रवाह ओढतो. पावसाळी वादळाचे दिवस सोडून दोन-चार दिवस संगणक थेट सॉकेटला जोडून पाहिला, तर यूपीएसचा दोष आहे की नाही, हे सहज कळते.

घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या मागच्या बाजूचा स्विच पाहावा. बहुतेक इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असे दोन मोड असतात. दुसऱ्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो. पंख्याला आणि दिव्याला तो चालतो, परंतु एसएमपीएस आपल्या आतल्या साठ्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनही पूर्ण होत नाही. तेवढ्यात पुरवठा परत आला नाही, की मशीन रीसेट होणारच.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजावे आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरे भोक असते, मागे वायर मात्र नसते.

आत काय पाहावे, आणि काय करू नये

कॅबिनेट उघडण्याआधी केबल काढावी आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. एसएमपीएस मात्र घरी कधीही उघडू नये. त्यातल्या कपॅसिटरमध्ये केबल काढल्यावरही जिवावर बेतेल इतका विद्युतभार शिल्लक राहू शकतो. एसएमपीएसच्या दोन पिना तारेने जोडून पंखा फिरला म्हणजे तो ठीक आहे, ही समजूतही सोडून द्यावी. त्या चाचणीत भार जवळजवळ नसतो, आणि दोष तर भाराखालीच उघड होतो. गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग चालू असताना पिवळ्या वायरवर मल्टिमीटरने मोजल्यास ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळायला हवेत. मल्टिमीटर क्षणिक घसरण पकडू शकत नाही, म्हणून आकडा बरोबर आला तरी पूर्ण खात्री होत नाही. खरी खात्री हवी असेल, तर पुरेशा क्षमतेचा चांगला एसएमपीएस ओळखीच्या कोणाकडून उसना आणून लावून पाहावा.

उष्णतेवर नको तितका दोष टाकला जातो. आजचे प्रोसेसर तापले की आधी वेग कमी करतात आणि मर्यादा ओलांडली तर मशीन बंद करतात. आपोआप पुन्हा सुरू होणे हे त्यांचे नेहमीचे लक्षण नाही. तरी कूलर पाहावाच. इंटेलच्या मूळ कूलरला चार प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात आणि त्यांतली एखादी अर्धवट बसलेली असणे ही फार आढळणारी गोष्ट आहे. कूलरचा कोपरा बोटाने हलवला आणि हलला, की समजावे. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याची पाती धरून ठेवावीत, ती वेगाने फिरू देऊ नयेत. कोकणात, गोव्यात, किनाऱ्यालगत दमट खाऱ्या हवेने संपर्कबिंदूंवर गंज चढतो. तेथे रॅम आणि ग्राफिक्स कार्ड एकदा काढून नीट परत बसवण्यानेच पुष्कळ मशीन सुधारतात.

रॅमची चाचणी करताना बायोसमधला (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधला) एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल आधी बंद करावा, कारण तो रॅमला तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त पळवतो. मग एकेक रॅम एकटी लावून ‘मेमटेस्ट ८६’ ही रॅम तपासणारी चाचणी रात्रभर चालवावी. एक जरी चूक दिसली तरी ती रॅम सदोष. थोड्या चुका चालतात असे काही नसते. आणखी एक सोपी गोष्ट: कॅबिनेटच्या दर्शनी भागावरचे रीसेट बटण अडकलेले असू शकते. मदरबोर्डवरून त्याची दोन पिनांची वायर काढून ठेवली, तरी संगणक व्यवस्थित चालतो आणि शंका मिटते.

घाईने बायोस अपडेट करणे

ज्या मशीनचा पुढच्या पाच मिनिटांचा भरवसा नाही, त्यावर बायोस अपडेट करायला घेणे धोक्याचे आहे, कारण मध्येच रीस्टार्ट झाला तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. मात्र एका बाबतीत अपडेट टाळूनही चालत नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले, इंटेलने नवे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिले आणि बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे मायक्रोकोड बायोसमधूनच येते. ते पुढची झीज रोखते, झालेली झीज भरून काढत नाही. आपला प्रोसेसर या गटातला असेल, तर आधी वीजपुरवठ्याची खात्री करावी, बायोस मूळ सेटिंगवर आणावा, आणि मदरबोर्डला ‘बायोस फ्लॅशबॅक’ची (विंडोज सुरू न करता बायोस बदलण्याची) सोय असल्यास पेन ड्राइव्ह लावून त्याच मार्गाने अपडेट करावे. त्यानंतरही त्रास राहिला, तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून मागावा.

या सर्व तपासणीत एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह वहीत लिहावा. रॅम, एसएमपीएस आणि विंडोज एकाच दिवशी बदलले, तर मशीन बरे झाल्यावरही दोष कशात होता हे कळत नाही आणि चांगला भाग भंगारात जातो. दुकानात न्यायची वेळ आलीच, तर ‘आपोआप रीस्टार्ट होतो’ एवढेच न सांगता बगचेक कोड, ६००८ च्या नोंदींतल्या वेळा, त्या वेळी कोणते काम चालू होते आणि आतापर्यंत काय करून पाहिले, हे कागदावर लिहून द्यावे. जो भाग बदलला जाईल, तो परत मागून घ्यावा आणि त्याचा अनुक्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, कारण त्याची वॉरंटी अजून शिल्लक असू शकते.