दिरहमचे रियाल करताना

संयुक्त अरब अमिरातीच्या दिरहमचे सौदी रियालमध्ये रूपांतर करताना एका अमेरिकी डॉलरचे ३.६७२५ दिरहम आणि ३.७५ रियाल, हे दोन आकडे हाताशी ठेवावेत. दोन्ही चलने डॉलरशी बांधलेली असल्याने (रियाल १९८६ पासून) ३.७५ ला ३.६७२५ ने भागले की एका दिरहमचे सुमारे १.०२११ रियाल येतात. ५०० दिरहमचे ५१० रियाल ५५ हलाला (हलाला म्हणजे रियालचा शंभरावा भाग). विनिमय केंद्राने दोन टक्के कापले, तर हाती जेमतेम ५०० रियालच पडतात, म्हणून आधी निव्वळ रक्कम विचारावी. दिरहम तसा तरुणच, १९७३ चा. त्यापूर्वी, १९६६ पर्यंत, तिथे भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी काढलेला रुपया चालत असे.