इम्पोर्टेड हँड टूल्सचा एचएसएन कोड टाकताना या चुका टाळा

बेळगावचं उद्यमबाग, मच्छे, नावगे आणि आता निपाणी-चिकोडीकडंही चीन-तैवानचे पाने, पक्कडी, कटर डायरेक्ट मागवणारे बरेच झालेत. आयईसी (इम्पोर्ट-एक्सपोर्टचा कोड नंबर) काय, बसल्याजागी ऑनलाइन निघतो, त्यात अवघड काही नाही. अवघड असतो तो एचएसएन कोड, म्हणजे माल कुठल्या वर्गात बसतो आणि ड्युटी किती लागते हे ठरवणारा आकडा, आणि लोक त्याचा विचार करतात कधी, तर कंटेनर न्हावा शेवा बंदराला उतरून कस्टम्सची क्वेरी पडल्यावर, म्हणजे तिकडं ग्राउंड रेंटचं (कंटेनर पडून राहिल्याच्या भाड्याचं) मीटर चालू झाल्यावर.

पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सप्लायरच्या इनव्हॉइसवरचा कोड तसाच उचलणे. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात हे खरं, पण ते सहाच, पुढचे आकडे प्रत्येक देशाचे आपापले, आपल्याकडं टॅरिफ आठ आकडी आहे आणि चीनचा दहा आकडी. त्यातून सप्लायरने कोड टाकलेला असतो त्याच्या सोयीने, कधी त्याच्याकडच्या एक्सपोर्ट रिबेटच्या हिशोबाने. इकडं २०११ पासून सेल्फ असेसमेंट (ड्युटी स्वतःच ठरवून भरणे) आहे, म्हणजे कोड बरोबर टाकायची जबाबदारी तुमची, सप्लायरने दिला होता हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही.

दुसरं, सगळ्याला ८२०५ लावून मोकळं होणं. हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, शेगडा, ऐरण हे ८२०५ मध्ये येतं बरोबर आहे, पण बाकीच्या हत्यारांसाठी हे हेडिंग (कोडचे पहिले चार आकडे) म्हणजे दुसरीकडं कुठं जागा नाही मिळाली तरच. आधी वरची बघायची: शेतीची अवजारं ८२०१, करवत आणि सगळ्या प्रकारची करवतीची पाती (हॅक्सॉ ब्लेड पण) ८२०२, कानस, पक्कड, पत्रा कापायची कात्री, बोल्ट कटर ८२०३, हाताने चालवायचे पाने आणि गोटी पान्याच्या गोट्या ८२०४. टॉर्क रेंच पण ८२०४ लाच जातो, पण आटे पाडायचा टॅप फिरवायचा हँडल तिथं जात नाही, तो ८२०५. असं का म्हणून विचारू नका, हेडिंगच्या शब्दातच तसं लिहिलंय, आणि वर्गीकरणाचा पहिला नियमच हा आहे की हेडिंगचे शब्द आणि सेक्शन-चॅप्टरच्या नोट्स आधी, बाकी सगळं नंतर.

आता नोट्सच कोणी वाचत नाही ही खरी अडचण. चॅप्टर ८२ (चॅप्टर म्हणजे कोडचे पहिले दोन आकडे) ची पहिली नोट वाचली तर निम्म्या क्वेऱ्या पडणारच नाहीत. काही ठरावीक अपवाद सोडले तर काम करणारा भाग बेस मेटलचा (लोखंड, तांबं असा साधा धातू), कार्बाइडचा वगैरे असेल तरच ते हत्यार या चॅप्टरमध्ये, नुसतं हातात धरून वापरतात म्हणून नाही. त्यामुळं रबरी डोक्याचा मॅलेट ४०१६, लाकडी मॅलेट ४४१७, धार लावायचा दगड आणि ग्राइंडरचं कटिंग व्हील ६८०४. दांडा कशाचा आहे ते बघू नका, मार कुठल्या भागाने बसतो ते बघा.

मोटरवाल्या हत्यारांचं तर विचारूच नका. द्राक्ष छाटणीची साधी एका हाताने चालणारी कात्री ८२०१ ५०, दोन हातांची मोठी ८२०१ ६०, छाटणीचा चाकू मात्र ८२११. आणि हल्ली अथणीकडच्या बागायतदारांना हवी असते ती बॅटरीवर चालणारी कात्री, तिच्यात मोटर आत बसवलेली असल्यामुळं ती चॅप्टर ८२ मधून बाहेर पडते आणि थेट ८४६७ ला जाते. काम तेच, फांदी तीच, चॅप्टर वेगळा. एअर गन म्हणजे न्युमॅटिक इम्पॅक्ट रेंचचंही तसंच, पाना म्हणून ८२०४ टाकू नका.

सेटचा घोळ सगळ्यात मोठा. बॉक्सवर टूल किट लिहिलेलं दिसलं की लोक ८२०६ टाकतात. ८२०६ ला दोन अटी आहेत: हत्यारं ८२०२ ते ८२०५ यातल्या किमान दोन वेगळ्या हेडिंगची पाहिजेत, आणि सेट रिटेल विक्रीसाठी पॅक झालेला पाहिजे. गोट्या, रॅचेट आणि एक्स्टेंशन यांचा सेट असेल तर सगळं ८२०४ चंच, म्हणून तो ८२०६ नव्हे. हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हरचा सेट असेल तर दोन्ही ८२०५, त्याला ८२०५ ९० आहे. पक्कड, पाना, स्क्रू ड्रायव्हर एका पेटीत आले तर मात्र ८२०६, आणि त्यात एखादी मेजर टेप टाकली म्हणून काही बिघडत नाही. पण त्याच पेटीत कॉर्डलेस ड्रिल असेल तर मग सेटचा मुख्य जीव कशात आहे हे ठरवावं लागतं, वर्गीकरणाचा नियम ३(ब), आणि बहुतेक वेळा तो ड्रिलमध्ये निघतो. अजून एक, माल वेगवेगळ्या खोक्यात मागवून इथं गणपत गल्लीत नेऊन सेट भरणार असाल तर इम्पोर्टच्या वेळी तो सेट नाहीच, प्रत्येक आयटम आपापल्या कोडला.

फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांसाठी थोडक्यात: ड्रिल बिट, टॅप, मिलिंग कटर ८२०७, न बसवलेले कार्बाइड इन्सर्ट ८२०९, टूल होल्डर ८४६६, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ९०१७, जॅक ८४२५. हे सगळं एका ओळीत हँड टूल्स म्हणून टाकलेली इनव्हॉइस बघितली की डोकं धरायची वेळ येते.

८२०१ चा मोह पण आवरा. शेतीच्या हाताने वापरायच्या अवजारांवर जीएसटी शून्य आहे, त्यामुळं इम्पोर्टला आयजीएसटी (इम्पोर्टवर लागणारा जीएसटी) पण नाही, म्हणून बांधकामाच्या हातोड्या शेतीच्या नावाखाली घालायची आयडिया काहींना सुचते. हिशोब करून बघा की. १ लाखाचा पान्यांचा माल, १० टक्के बेसिक ड्युटी म्हणजे १०,०००, त्यावर सरचार्ज १,०००, मग १,११,००० वर १८ टक्के आयजीएसटी १९,९८०. पण हा आयजीएसटी रजिस्टर्ड डीलरला क्रेडिटमध्ये परत मिळतो, खिशातून खरे जातात ते ११,०००च. म्हणजे वाचवायला गेलात ते मुळात तुमचं नुकसानच नव्हतं, आणि पकडला तर मुद्दाम केल्याचं धरून ५ वर्षं मागची ड्युटी काढता येते, एरवी ती मुदत २ वर्षं आहे, वर १५ टक्के व्याज आणि ड्युटीइतकीच पेनल्टी.

यावर उपाय म्हणजे वर्णन पूर्ण लिहा. टूल्स असॉर्टेड असं नको. काय आहे, कशाचं आहे, हाताने की मोटरने, सुटं की सेट, मॉडेल नंबर. १९९८ च्या नॉर्दर्न प्लास्टिक केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की वर्णन खरं आणि पूर्ण दिलं असेल तर नुसता कोडचा दावा चुकला म्हणून ते मिसडिक्लरेशन (खोटी माहिती देणं) होत नाही. शिवाय २०२० पासून फेसलेस असेसमेंट आहे, तुमचं बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचा इम्पोर्टचा कागद) बघणारा ऑफिसर दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो, त्याला खोकं दिसत नाही, त्यामुळं कॅटलॉग, फोटो, टेक्निकल लिटरेचर ई-संचितवर (कस्टम्सची ऑनलाइन कागदपत्रांची सोय) आधीच चढवा, क्वेरीची वाट बघू नका.

चुकून ड्युटी जास्त भरली असेल तर थेट रिफंड मागायला धावू नका. सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या आयटीसी कंपनीच्या केसमधल्या निकालानंतर आधी असेसमेंट बदलून घ्यावं लागतं, त्यासाठी कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्ती किंवा अपील असे मार्ग आहेत, आणि रिफंडला १ वर्षाची मर्यादा आहेच. आणि तोच आयटम वारंवार मागवणार असाल, कोडबद्दल सीएचएचं (कस्टम्स एजंटचं) एक आणि सीएचं दुसरंच म्हणणं असेल, तर पुढचा कंटेनर बुक करायच्या आधी मुंबईच्या अॅडव्हान्स रूलिंग अथॉरिटीकडं (आधीच निर्णय देणारी यंत्रणा) अर्ज टाका. रूलिंग ठरावीक मुदतीपर्यंत चालतं, पण ते अर्ज करणाऱ्यापुरतंच असतं, शेजारच्या दुकानदाराची झेरॉक्स काढून तुमच्या बिलाला लावली तर तिचा काही उपयोग नाही.