स्प्लंक अ‍ॅपचं पॅकेज बांधताना: आधी ‘लोकल’ रिकामं करा

स्प्लंक म्हणजे सर्व्हरच्या लॉगमध्ये शोध घ्यायचं सॉफ्टवेअर. स्प्लंकचं अ‍ॅप म्हणजे शेवटी एक फोल्डर. ते टारनं एका फाइलीत बांधून जीझिपनं आवळलं की पॅकेज झालं. डॉट एसपीएल नावाची फाइलसुद्धा आतून तीच असते. माझ्याकडे तपासायला येणारी पॅकेजेस उघडली की घोटाळा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतो: ‘लोकल’ फोल्डरमध्ये.

‘डिफॉल्ट’ फोल्डर अ‍ॅप बनवणाऱ्याचं आणि ‘लोकल’ ते वापरणाऱ्याचं. एकच सेटिंग दोन्हीकडे असेल तर लोकलचं चालतं. नवी आवृत्ती टाकली की डिफॉल्ट बदलतं, वापरणाऱ्यानं लोकलमध्ये लिहिलेलं टिकतं. पण आपण डॅशबोर्ड, सर्च सगळं ब्राउझरमधून बनवतो आणि स्प्लंक ते इमानेइतबारे लोकलमध्येच लिहितं. ते तसंच बांधून पाठवलंत तर तुम्ही दुसऱ्याच्या जागेवर अतिक्रमण केलंत. शिवाय त्यात पासवर्ड्स डॉट कॉन्फ असेल तर गुपितही बाहेर गेलं. त्या फाइलीतले पासवर्ड तुमच्या सर्व्हरच्या स्प्लंक डॉट सीक्रेट किल्लीनं बंद केलेले असतात. दुसऱ्या सर्व्हरला ते उघडता येणार नाहीत, म्हणजे उपयोग शून्य आणि धोका मात्र आहेच.

म्हणून पॅकेजआधी लोकलमधलं हवं तेवढं डिफॉल्टमध्ये हलवा. केएसकॉन्फ या कमांड-लाइन साधनात त्यासाठी ‘प्रमोट’ आहे: ते एकेक बदल दाखवतं, तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं. हे काम घाईत उरकू नका. ब्राउझरमधून जतन केलेल्या सर्चमागे ‘डिस्प्ले’नं सुरू होणाऱ्या ओळींची लांबलचक रांग येते, सर्चचं शेड्यूल त्यात हरवून जातं. नको त्या ओळी इथेच गाळा. डॅशबोर्डच्या एक्सएमएल फाइली मात्र नुसत्या उचलून डिफॉल्टच्या आतल्या डेटा, यूआय, व्ह्यूज या वाटेवर ठेवल्या की झालं.

आता मेटाडेटा, म्हणजे कुठली गोष्ट कुणाला दिसेल याच्या नोंदी. तिकडे फारसं कुणी बघत नाही. तुम्ही एखादा लुकअप (सर्चला जोडायचा तक्ता) सगळ्या अ‍ॅप्ससाठी खुला केलात की ती नोंद लोकल डॉट मेटामध्ये जाते. ती फाइल पॅकेजमध्ये नको, पण त्यातला निर्णय हवा. तो डिफॉल्ट डॉट मेटामध्ये लिहा: ‘एक्सपोर्ट = सिस्टिम’. हे राहिलं तर तुमच्या सर्व्हरवर सगळं सुरळीत चालतं आणि दुसरीकडे, सर्च अ‍ॅपमध्ये बसलेल्या माणसाला तुमची फील्ड्सच दिसत नाहीत. त्याला बिचाऱ्याला कारणही कळत नाही. परवानग्यांमध्ये वाचन सर्वांना आणि लेखन फक्त अ‍ॅडमिनला, एवढं सुरुवातीला पुरतं.

अ‍ॅप डॉट कॉन्फ या अ‍ॅपची ओळख सांगणाऱ्या फाइलमध्ये पॅकेज विभागातला आयडी आणि फोल्डरचं नाव अक्षरशः एकच हवं. लाँचर विभागात आवृत्ती तीन आकड्यांत द्या, १.४.० अशी.

मग स्लिम, म्हणजे स्प्लंकचं पॅकेजिंग टूलकिट. पायथनच्या ‘पिप’नं ते बसतं. ‘स्लिम जनरेट-मॅनिफेस्ट’ अ‍ॅप डॉट कॉन्फ वाचून मॅनिफेस्टचा (पॅकेजच्या माहितीपत्रकाचा) मसुदा देतं, ‘स्लिम व्हॅलिडेट’ तपासतं, ‘स्लिम पॅकेज’ बांधतं. गिटचं फोल्डर, चाचण्या, पायकॅश असलं सामान वगळण्यासाठी डॉट स्लिमइग्नोअर फाइल ठेवा.

मॅकवर हातानं टार करणार असाल तर आधी ‘कॉपीफाइल_डिसेबल’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा (नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत), नाहीतर डॉट-अंडरस्कोरनं सुरू होणाऱ्या अदृश्य फाइली आत शिरतात. परवानग्या फाइलींना ६४४, फोल्डरांना ७५५. ‘बिन’ फोल्डरमधली थेट चालवायची स्क्रिप्ट असेल तर तिलाही ७५५.

बांधून झाल्यावर टारनं आतली यादी छापा आणि डोळ्यांनी वाचा. सगळ्यात वर एकच फोल्डर दिसायला हवं. ही सवय मला कुठल्याही साधनापेक्षा जास्त भरवशाची वाटते. त्यानंतर अ‍ॅपइन्स्पेक्ट हे स्प्लंकचं तपासणीचं साधन ‘प्रीसर्ट’ मोडमध्ये चालवा. क्लाउडवर जाणार असेल तर ‘क्लाउड’ टॅगही द्या. फेल्युअर आलं तर दुरुस्ती करायचीच, पण वॉर्निंगही वाचा. उद्याचं फेल्युअर आज तिथेच दिसतं.

शेवटची चाचणी कोऱ्या स्प्लंकवर. ‘स्प्लंक इन्स्टॉल अ‍ॅप’नं जुनी आवृत्ती टाका, लोकलमध्ये एखाद्या सर्चचा थ्रेशोल्ड (इशारा द्यायची मर्यादा) बदला आणि मग ‘अपडेट १’ देऊन नवी चढवा. रीस्टार्ट झालं की सेटिंग्ज छापणाऱ्या स्प्लंकच्या ‘बीटूल’ला ‘डिबग’ देऊन त्या सर्चच्या सेटिंग्ज छापा. प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या फाइलीतून आली ते दिसतं. थ्रेशोल्ड लोकलमधून आणि बाकी सगळं डिफॉल्टमधून यायला हवं. आणि पॅकेजमध्ये जावास्क्रिप्ट किंवा सीएसएस बदललं असेल तर अ‍ॅप डॉट कॉन्फच्या इन्स्टॉल विभागातला बिल्ड क्रमांक वाढवायला विसरू नका, नाहीतर ब्राउझर जुनीच फाइल दाखवत राहील.