अंडं फिकं पडलं म्हणून कोंबडी विकू नका, आधी पाण्यात बोट घालून बघा

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, 25 मेच्या सुमारास लागतो, पण परसातल्या कोंबड्या त्याआधीच बाजारात जायला लागतात. कारण एकच ऐकू येतं, "अंडी पांढरी पडली, कोंबडी म्हातारी झाली." मागच्या उन्हाळ्यात काटोलकडच्या एका ताईंनी अशाच नऊ आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड, तपकिरी अंडी देणारी जात) कोंबड्या किलोच्या भावाने दिल्या. पहिलीचं पोट उघडलं तर आत अंड्यांची माळ: सुपारीएवढा पिवळा बलक, मग बोराएवढा, पुढे पार मोहरीएवढे. चांगली चालू अंड्यावरची कोंबडी होती ती. त्यांच्या टिनाच्या शेडमधल्या पाण्याच्या भांड्यात मी दुपारी दोनला बोट घातलं, तर चटका बसला.

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. दाणाही ती कमी खाते. कवच पातळ होतं. तपकिरी रंग अंड्यावर शेवटच्या काही तासांत चढतो, तोही उन्हाच्या ताणात नीट चढत नाही. वयामुळे रंग उतरतो तो महिनोन्‌महिने हळूहळू. आठ दिवसांत सगळ्याच कोंबड्यांची अंडी फिकी पडली तर दोष कोंबडीचा नाही, पाण्याचा आणि सावलीचा आहे. सोबत शिंका, सुरकुतलेलं कवच, पाण्यासारखा पांढरा बलक दिसला तर तो रोग समजा. एकही पक्षी विकू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

दहा कोंबड्यांना एरवी अडीच लिटर पाणी पुरतं, मे महिन्यात पाच लिटर लागतं. मातीचं परळ घ्या, सावलीत ठेवा, पाणी दिवसातून तीनदा बदला. दुपारचं तर चुकवूच नका. टिनावर पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) किंवा तणस पसरा आणि त्यावर पाणी मारा. दुकानदार कॅल्शियमची महागडी बाटली पुढे करेल. पाणी गरम असेल तर ती बाटली वाया जाते. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण 4 ग्रॅम कॅल्शियम लागतं, ते शिंपल्यांच्या चुऱ्यातून मिळतं. वेगळ्या वाटीत ठेवा, ती लागेल तेवढं खाते.

बाकी कामं:
- दाणा पहाटे आणि सांजेला
- दुपारच्या पाण्यात खायचा सोडा, लिटरला 1 ग्रॅम
- पिलांना राणीखेत रोगाच्या लसी: लासोटा 5 ते 7 व्या दिवशी, आर-टू-बी 8 व्या आठवड्यात. लस सकाळी थंड वेळेतच
- जंतनाशक दवाखान्यातून, वजनाप्रमाणे

छाटणी करायचीच असेल तर मृगाचा पाऊस पडून दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मग रात्री खुराड्यात एकेक कोंबडी हातात घ्या. शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसत असतील, गुदद्वार ओलं आणि रुंद असेल, तुरा लाल असेल, तर ती अंड्यावर आहे. पिवळे पाय फिके पडले म्हणून तिला आजारी समजू नका. बरीच अंडी दिली की तो पिवळेपणा उतरतोच. एकच बोट बसतं, गुदद्वार कोरडं, तुरा आक्रसलेला, तर विका, पण ती खुडूक (अंडी उबवायला बसलेली) नाही आणि पिसं झाडत नाही एवढं आधी बघा. सकाळी दार उघडल्यावर जी रोज शेवटी बाहेर येते, तिला मी पहिल्यांदा हातात घेतो. पुस्तकात हे नाही, पण मला ती खूण बहुतेक वेळा बरोबर निघालेली आहे.