रोमन ब्राँझची नाणी वाचताना या चुका टाळा

नखाएवढं चौथ्या शतकातलं नाणं हातात येतं, मुकुटवाला चेहरा दिसतो आणि आपण म्हणून मोकळे होतो, "कॉन्स्टँटाइन!" घोळ इथेच सुरू होतो. या काळातले चेहरे एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत. आधी लेख, म्हणजे चेहऱ्याभोवतीची अक्षरं, वाचा.

लेख बहुतेक वेळा घड्याळातल्या सातच्या जागेपासून सुरू होऊन काट्यांच्या दिशेने फिरतो. उजेड बाजूने, तिरका पाडा. 'टी'पुढे 'आय-एन-व्ही-एस' असेल तर कॉन्स्टँटिनस. 'आय-व्ही-एस' असेल तर कॉन्स्टँशियस. ('व्ही' म्हणजे इथे 'यू'.) एका 'एन'ने सम्राट बदलतो! आणि कॉन्स्टँटिनस निघाला तरी बाप की मुलगा, हे उरतंच. पुढे 'मॅक्स' असेल तर बाप. 'आय-व्ही-एन' म्हणजे धाकटा, आणि 'नॉब' म्हणजे अजून सीझर (सम्राटाच्या खालचं पद), सम्राट नव्हे.

'उर्ब्स रोमा' लिहिलेल्या नाण्यावर तर सम्राटाचं नाव शोधूच नका. शिरस्त्राणातला तो चेहरा रोमादेवीचा आहे. मागे लांडगीण दोन बाळांना पाजते आहे.

'ग्लोरिया एक्झर्सिटस' ('सैन्याचा गौरव') लिहिलेल्या नाण्यावर सगळे सैनिक बघतात. ते दोनच असतात. मोजायचे असतात त्यांच्यामधले ध्वज. 330 नंतर आधी दोन ध्वज, साधारण 335 पासून एक; नाणंही तेव्हा हलकं झालं, साधारण 2.5 ग्रॅमवरून 1.5 वर.

टांकसाळीची खूण चित्राखालच्या पट्टीत असते. 'पी-सी-ओ-एन-एस-टी' दिसलं की बहुतेक जण कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) लिहून टाकतात. ते फ्रान्समधलं आर्ल! 328 मध्ये त्या शहराचं नाव कॉन्स्टँटिना झालं होतं. सुरुवातीचा 'पी' म्हणजे तिथल्या टांकसाळीचा पहिला विभाग. कॉन्स्टँटिनोपलच्या खुणेत सहसा 'सी-ओ-एन-एस'नंतर विभागाचं ग्रीक अक्षर येतं. मला ही चूक सगळ्यात जास्त खटकते, कारण तिने नाणं अख्खा युरोप ओलांडून जातं.

आणि कृपा करून तांब्याच्या भांड्यासारखं चिंच-मीठ लावू नका. हिरव्या थराबरोबर अक्षरंही निघून जातात.

तामिळनाडूत आणि श्रीलंकेत अशी झिजलेली नाणी खूप सापडतात, आणि श्रीलंकेत त्यांच्या स्थानिक नकलाही. लेखाच्या जागी नुसते ठिपके आणि रेघा दिसल्या, तर ओढूनताणून अक्षरं लावू नका. ती नक्कल असू शकते, आणि नक्कल म्हणूनच ती नोंदवायला हवी.